अर्ध्या मिनिटाचे चित्र

ठाणे स्थानकात उपनगरी गाडी थांबते ती जेमतेम अर्धा मिनिट. तेवढ्या अवधीत उतरणारे उतरतात, चढणारे चढतात, कोणाची पिशवी दारात अडकते, कोणी मूल खांद्यावर घेऊन घाईने पाऊल उचलतो आणि गाडी चालू लागते. आता समजा, फलाटावरील बाकावर एक विद्यार्थी मांडीवर वही घेऊन बसला आहे आणि दारातील त्या मूल घेतलेल्या गृहस्थाची आकृती त्याला कागदावर उतरवायची आहे. त्याने चेहऱ्यापासून आरंभ केला, तर एक भुवई पुरी होईतो गाडी मुंब्र्याच्या वाटेला लागलेली असेल. मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेतील विद्यार्थी असेच रेल्वेस्थानकांत आणि बाजारांत बसून रेखाटने करतात, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. ते काय करतात आणि त्यांचा हात एवढा जलद कसा चालतो, याचे कुतूहल प्रत्येक चित्रप्रेमी मुलास वाटते.

मी स्वतः चित्रकार नव्हे. माझा विषय मराठी. परंतु मुख्याध्यापक या नात्याने एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या वेळी वर्गावर्गांतून फेऱ्या घालण्याचे काम मजकडे वर्षानुवर्षे होते, आणि आमचे चित्रकलेचे शिक्षक मोठे बोलके गृहस्थ असल्यामुळे मुलांच्या कागदांवर काय घडते आहे, हे मला हळूहळू उमजू लागले. या परीक्षांत स्मरणचित्र म्हणून एक विषय असतो. दिलेला प्रसंग मनात आणून त्यातील माणसे काढावयाची असतात. समोर पाहण्यास काही नसते. अशा वेळी वर्गात दोन प्रकारची मुले दिसतात. काही मुले चित्रातील पहिल्याच माणसाचा चेहरा हाती घेतात, पापण्या कोरतात, सदऱ्याच्या गुंड्या मोजून काढतात; आणि शेवटची घंटा होते तेव्हा उरलेल्या दोन माणसांना पाय नसतात. दुसरी मुले प्रथम तिन्ही माणसे चार-चार पुसट रेघांनी उभी करून घेतात. कागद पाहणाऱ्यास वाटते, यांनी काहीच काढले नाही. पण तासाभराने त्यांच्या चित्रातील मंडळी चालू लागलेली असतात.

पहिल्या प्रकारची मुले बाहेर येऊन म्हणतात, “सर, माझा हातच मंद आहे. मला चित्रकला येणार नाही.” अशी समजूत करून घेऊन चित्रकला कायमची सोडून दिलेली कितीतरी गुणी मुले मी पाहिली आहेत, म्हणून हा विषय मला आपणांपुढे मांडावासा वाटतो. कारण त्या मुलांचा हात मंद नव्हता. उलट पाहिले, तर मिनिटाला जितक्या रेघा ती ओढत होती, तितक्या दुसरी मुले ओढत नव्हती! जलद रेखाटन म्हणजे हात भरभर फिरविणे, हा समज मुळातच चुकीचा आहे. ज्याला कोणती रेघ आधी काढावी आणि कोणती मुळीच काढू नये हे कळले, त्याचे चित्र लवकर होते. आणि हे कळण्याचे काम हातापेक्षा अधिक डोळ्यांचे आहे.

तर मग त्या अर्ध्या मिनिटात डोळ्यांनी प्रथम काय टिपावे? आमचे चित्रकलेचे शिक्षक एकाच शब्दात उत्तर देत : भार. माणूस उभा असो, बसलेला असो की धावत असो, त्याच्या शरीराचा भार कोठून निघून कोठे जमिनीस पोहोचतो, ते आधी पाहावे. एखादा मनुष्य फलाटावर गाडीची वाट पाहत उभा आहे. बहुधा तो दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभा नसतोच. कवायतीखेरीज असे कोणी उभे राहत नाही. तो एका पायावर रेलतो. ज्या पायावर भार, त्या बाजूचे कटीचे हाड वर उचलले जाते. आणि तोल राखण्यासाठी त्याच बाजूचा खांदा खाली झुकतो. खांद्यांची रेषा एकीकडे उतरती, तर कटीची दुसरीकडे. या दोन तिरप्या रेषा आणि त्यांना सांधणारी पाठीच्या कण्याची बाकदार रेषा, एवढे तीन फटकारे कागदावर आले की मनुष्य उभा राहिला. त्याच्या गळ्याखालच्या खळगीतून एक ओळंबा सोडला आहे अशी कल्पना करा. तो भार असलेल्या पायाच्या घोट्यापाशी यावयास हवा. तो तेथे येत नसेल, तर तुम्ही नाक-डोळे कितीही सुरेख काढा, माणूस पडू लागल्यासारखा दिसेल.

याच नियमाने पुढे गेले म्हणजे गर्दीतील एकेक मनुष्य वेगळा ओळखू येऊ लागतो. उजव्या हातात जड पिशवी असलेल्या बाईचे धड डावीकडे कलते आणि डावा हात अंगापासून दूर जातो. डोक्यावर ओझे घेतलेल्या हमालाची मान मात्र ताठ. सारी हालचाल कमरेखाली. पाठीवर दप्तर असलेला मुलगा पुढे वाकतो. गर्भवती स्त्री मागे रेलते. ज्याने हे पाहिले, त्याला पिशवी काढण्याची आवश्यकताही उरत नाही. पिशवी पुसून टाकली तरी ती जड होती हे चित्रातून कळते.

परंतु येथे एक शंका निघेल. अर्ध्या मिनिटात तीन रेघा ओढल्या, पुढे काय? त्या तीन रेघांवर शरीर चढवावयाचे, तर शरीराची मापे ठाऊक हवीत, आणि ती अर्ध्या मिनिटात कळत नाहीत. ती आधीच, निवांतपणे, शिकून ठेवावी लागतात. पुष्कळ उतावळे विद्यार्थी येथेच घसरतात. त्यांना वाटते, रोज शंभर जलद रेखाटने केली की जलद रेखाटन येईल. शंभर वेळा तीच चूक वेगाने केली, तर चूकच काय ती पक्की होते. मराठीच्या तासाला घाईने लिहिल्याने कोणाचे अक्षर वळणदार झाल्याचे मला आठवत नाही. वळण आधी सावकाश गिरवावे लागते, मग ते वेगातही टिकते.

आपल्याकडे मूर्तिशास्त्रात या मापांचा फार बारीक विचार झालेला आहे. केसांच्या कडेपासून हनुवटीपर्यंत चेहऱ्याची जी लांबी, तिला ताल म्हणतात. एका तालाची बारा अंगुले. उत्तम पुरुषाची आकृती नवताल, म्हणजे 108 अंगुलांची. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात हंस, भद्र, मालव्य, रुचक आणि शशक असे पुरुषांचे पाच प्रकार सांगून त्यांची उंची अनुक्रमे 108, 106, 104, 100 आणि 90 अंगुले दिली आहे. ही अंगुले ज्याची त्याची, हे ध्यानात ठेवा. म्हणजे हे माप उंचीचे नसून प्रमाणाचे आहे. पाश्चात्य चित्रकार हेच माप संपूर्ण डोक्याने मोजतात. साधारण प्रौढ मनुष्य सात ते साडेसात डोकी उंच भरतो. आदर्श आकृती आठ डोकी धरतात. वर्षाच्या मुलाचे शरीर जेमतेम चार डोकी असते. मुलांच्या चित्रांत लहान बाळे खुज्या प्रौढांसारखी दिसतात, याचे कारण एवढेच की त्यांची डोकी लहान काढलेली असतात. आणखी दोन मापे कामाची आहेत : आपला पंजा हनुवटीपासून कपाळाच्या वरच्या कडेपर्यंत पोहोचतो, आणि आपले पाऊल मनगटापासून कोपराच्या आतल्या घडीपर्यंतच्या हाताएवढे असते. ताडून पाहा. बहुतेकांना आपले पाऊल एवढे मोठे असेल असे वाटत नाही, आणि म्हणूनच बहुतेकांच्या चित्रांतील माणसे चिमुकल्या पावलांवर डुलत असतात.

हा सावकाश अभ्यास कोठे करावा? न हलणारा माणूस कोठे मिळणार? ठाणे-कल्याणच्या मुलांचे या बाबतीत भाग्य मोठे आहे. कल्याणच्या पुढे कर्जतच्या बाजूस अंबरनाथ लागते. तेथे वालधुनी नदीकाठी शिलाहार राजांच्या काळातील काळ्या पाषाणाचे शिवमंदिर आहे. त्यातील शिलालेख शके 982, म्हणजे इसवी सन 1060 चा. मंदिराच्या बाह्य भिंतींवर देवदेवता आणि सुरसुंदरी कोरलेल्या आहेत. ऊन-पावसाने पुष्कळांचे नाकडोळे झिजून गेले आहेत, आणि अभ्यासकाच्या दृष्टीने मला ते गैरसोयीचे वाटत नाही. चेहरा नसल्यामुळे डोळा चेहऱ्यावर अडकून पडत नाही. तो खांद्यावरून कटीकडे, कटीवरून गुडघ्याकडे सरळ जातो. तेथील त्रिभंगातील एखादी आकृती निवडावी. त्रिभंग म्हणजे मान, कटी आणि गुडघा अशा तीन ठिकाणी मोडलेली उभी ठेवण. वर सांगितलेल्या तिरप्या रेषा आणि तो ओळंबा तिच्यात जसाच्या तसा सापडेल. हे मॉडेल हजार वर्षे हललेले नाही. एका आकृतीवर खुशाल दोन तास घालवावेत.

ज्यांच्या वेगाने लोक थक्क होत, अशा आपल्या एका थोर चित्रकाराचे शिक्षणही असेच संथ झाले होते. महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म 1867 साली कोल्हापुरास झाला. 1890 मध्ये ते मुंबईच्या कलाशाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले, पुढे तेथेच शिक्षक झाले आणि 1931 साली निवृत्त झाले; या काळाच्या आठवणी त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या पुस्तकात लिहून ठेवल्या आहेत. त्या काळी कलाशाळेत जिवंत माणसावरून शिक्षण देण्याचा प्रघात बेताचाच होता. ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवलेल्या असत आणि एकेका पुतळ्याची छायाप्रकाशासह नक्कल करण्यात विद्यार्थ्यांचे दिवसच्या दिवस जात. मनुष्याकृतीवरून अभ्यासाचा स्वतंत्र वर्ग पुढे 1920 च्या सुमारास, ग्लॅडस्टन सॉलोमन प्रमुख असताना, सुरू झाला. प्लास्टरची ती कवायत आज कित्येकांना निर्जीव वाटते, आणि ती अपुरी होती हे खरेच. पण त्यातून तयार झालेल्या धुरंधरांनी मुंबईच्या रस्त्यांवरील माणसे हजारोंच्या संख्येने रेखाटली. एडवर्ड्सच्या 1912 सालच्या ‘बायवेज ऑफ बाँबे’ या पुस्तकातील चित्रे त्यांची. ऑटो रॉथफेल्डच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या ग्रंथातील निरनिराळ्या प्रांतांच्या व जातिजमातींच्या स्त्रियांची चित्रेही त्यांचीच. त्यांनी काढलेल्या नऊवारी लुगड्याकडे नीट पाहावे. वस्त्राच्या चुण्या कोठूनही कोठेही गेलेल्या नाहीत. जेथे कापड ताणले जाते, म्हणजे कमरेपाशी, गुडघ्यापाशी, कासोट्यापाशी, तेथूनच त्या निघतात. वस्त्राच्या आत शरीर कसे आहे हे ठाऊक असल्याशिवाय अशा चुण्या काढता येत नाहीत. आणि ते ठाऊक असले, की पाचपन्नास चुण्या काढण्याची गरजही उरत नाही. चार पुरतात.

आता पुन्हा जिवंत माणसांकडे वळू. दगडी मूर्ती आणि गाडीचे दार यांच्यामधली एक पायरी आहे, आणि शिकाऊ चित्रकाराने आपला बराचसा काळ त्याच पायरीवर काढावा असे मला वाटते. ती म्हणजे हातांनी काम करणारी माणसे. ठाण्यात स्थानकाजवळ चेंदणीचा कोळीवाडा आहे, थोडे पुढे जांभळी नाक्याचा बाजार आहे. कल्याणला आणि डोंबिवलीला भाजीबाजार आहेत. मासळी कापणारी कोळीण पाहा. ती विळीवर एक पाय रोवून बसते, दोन्ही हातांनी मासा पात्यावर धरते, कापते, तुकडे बाजूला सारते, गिऱ्हाइकाकडे मान वळवून भाव सांगते आणि पुन्हा पहिल्या बैठकीत येते. इस्त्रीवाला इस्त्री पुढे रेटतो, मागे घेतो, कापड पालटतो आणि पुन्हा पुढे रेटतो. काम करणारा मनुष्य हलत असतो खरा. परंतु तो पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी परत येतो. म्हणून एका पानावर तीन-चार आकृती एकदम सुरू कराव्यात. कोळीण मासा कापते आहे, ती पहिली. भाव सांगते आहे, ती दुसरी. पैसे घेण्यास हात पुढे करते आहे, ती तिसरी. तिने ठेवण बदलली की आपण दुसऱ्या आकृतीवर जावे, ती परत आली की पहिलीवर यावे. अर्ध्या तासात तिन्ही पुऱ्या होतात. शिवाय माणसाचे काम समजते. विळीवर पाय का रोवावा लागतो, हे ज्याने हातांनी काढले त्याला ते कोणी समजावून सांगावे लागत नाही.

एक सूचना येथेच देऊन ठेवतो. अनोळखी माणसाकडे टक लावून पाहणे शिष्टाचाराचे नव्हे. ज्याचे चित्र आपण काढतो आहोत त्याच्या ते लक्षात आले, तर वही लपवू नये; ती त्याला दाखवावी आणि त्याची हरकत असल्यास थांबावे. कोळिणी बहुधा हरकत घेत नाहीत. मात्र चित्रातला पापलेट लहान झाला असेल तर तसे स्पष्ट सांगतात. आणि रेल्वेच्या फलाटावर चित्र काढायचे ते बाकावर बसून; कडेला उभे राहून कधीही नाही.

पुन्हा परत न येणाऱ्या माणसाचे काय? गाडीच्या दारातील तो गृहस्थ तर गेला. त्याच्यासाठी स्मरण हवे, आणि स्मरणशक्ती ही काही जन्मतः मिळालेली ठेव नव्हे. तिला शिकविता येते. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये लकॉक द ब्वाबोद्राँ नावाचे एक चित्रकलाशिक्षक होऊन गेले. चित्रस्मरणाच्या शिक्षणावर त्यांनी 1848 साली एक पुस्तिकाच लिहिली. ते विद्यार्थ्यांना प्रथम एखादी अगदी सोपी वस्तू नीट न्याहाळण्यास देत, मग ती काढून घेत आणि स्मरणाने चित्र काढावयास सांगत. त्यानंतर मूळ वस्तूशी ताडून चुका दाखवीत. हळूहळू वस्तू अवघड होत जाई. पुढे पुढे तर ते विद्यार्थ्यांना मोकळ्या रानात नेत, तेथे माणसे चालत, बसत, वाकत आणि विद्यार्थी नुसते पाहत, कागद नंतर. प्रख्यात शिल्पकार रोदँ हे याच शिक्षकाचे विद्यार्थी. उतारवयात ते चालत्याफिरत्या माणसाची रेखाटने कागदाकडे न पाहताच करीत. नजर सारा वेळ त्या माणसावरच खिळलेली असे.

ही रीत आपल्याला ठाण्यातही करता येण्यासारखी आहे. मासुंदा तलावाच्या काठी संध्याकाळी लोक येऊन बसतात. एका माणसाकडे दहा आकडे मोजेपर्यंत पाहा, मग तलावाकडे तोंड फिरवा आणि काढा. नंतर पुन्हा वळून ताडून पाहा. तो माणूस तेथेच बसलेला असतो, त्यामुळे चूक तात्काळ सापडते. पहिल्या आठवड्यात असे दिसून येईल की आपल्याला फक्त चष्मा आणि टोपी आठवली. दुसऱ्या आठवड्यात पाठीचा बाक आठवू लागेल. स्मरणचित्राच्या परीक्षेची खरी तयारी हीच; छापील पुस्तकातील माणसे पाठ करून नेण्याने परीक्षकाला एकाच साच्यातील पन्नास शेतकरी पाहावे लागतात, याखेरीज काही होत नाही.

साहित्याविषयी फार बोलण्याची गरज नाही. स्वस्त, कोरा कागद आणि मऊ पेन्सिल पुरे. महाग वही घेऊ नये. तिचे पान खराब होईल या भीतीने हात आखडतो. पेन्सिल लिहिण्यासारखी टोकाशी न धरता जरा मागे धरावी, म्हणजे रेघ मनगटाऐवजी खांद्यातून निघते आणि लांब वाहते. खोडरबर घरी ठेवावे. चुकलेली रेघ तशीच राहू देऊन तिच्याशेजारी बरोबर रेघ ओढली, तर चूक कोठे झाली याची नोंद कागदावरच राहते.

रोजचा वेळ अर्धा तास धरू. त्यातली पहिली पाच मिनिटे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या दहा आकृतींना द्यावीत. मग दहा मिनिटांत दोन-दोन मिनिटांच्या पाच. आणि उरलेली पंधरा मिनिटे एकाच आकृतीला. घरात बसणारा कोणी नसेल तर आरसा आहे, आणि आपला डावा हात तर सदैव तयार असतो. प्रत्येक पानावर तारीख घालावी आणि वाईट पान फाडू नये. महिन्याने पहिले पान आणि शेवटचे पान शेजारी ठेवून एवढेच पाहावे, की माणसाची पावले जमिनीला टेकली की नाहीत. नाकडोळ्यांचे पुढे पाहता येईल.

आणि पुढच्या गुढीपाडव्याला वही बरोबर असू द्या. नववर्षाच्या स्वागतयात्रेची प्रथा डोंबिवलीत 1999 साली सुरू झाली आणि तेथून गावोगाव पसरली. त्या दिवशी फडके रस्त्यावर इतकी माणसे लोटतात, की कोणाला काढावे हा प्रश्न पडतो. माझी सूचना अशी, की ढोल वाजविणारा मुलगा किंवा मुलगी निवडावी. ढोल कमरेला बांधलेला असतो आणि त्याचे ओझे पुढे ओढत असते. म्हणून वाजविणारा पाठीतून मागे रेलतो, पाय फाकवून रोवतो आणि टिपरू उचलताना त्याचा एक खांदा कानापाशी येतो. पथक पुढे सरकत असते, पण ठेका तोच असल्यामुळे खांदा प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी वर येतो. दोन ठेके नुसते पाहा. तिसऱ्या ठेक्याला कण्याची रेषा ओढा, चौथ्याला खांद्याची. पाय सर्वांत शेवटी काढले तरी चालतील, कारण पथक थोडे पुढे गेले की मागून दुसरा ढोलकरी त्याच ठेवणीत येतोच.